शब्दपरिचय : अभिधा, लक्षणा, व्यंजना

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘शब्दशक्ती ओळखा’ असा प्रश्न दिसला की व्याख्या आठवण्याची घाई होते. वस्तुतः या तिन्ही शक्ती आपल्या घरात आणि पेढीवर दिवसभर राबत असतात.

‘गोदामात गव्हाची ५० पोती आहेत.’ येथे शब्दांचा सरळ, कोशातील अर्थच अभिप्रेत आहे. तो वाच्यार्थ; तो देणारी शक्ती अभिधा. हिशेब, पावती, करारपत्र यांचा व्यवहार हिच्याच आधारे चालतो.

‘त्यांची पेढी बुडाली.’ पेढी काही पाण्यात बुडत नाही. मूळ अर्थ जुळत नाही, म्हणून त्याच्याशी संबंध असलेला व रूढ झालेला दुसरा अर्थ आपण घेतो : धंद्याचे दिवाळे निघाले. हा लक्ष्यार्थ, ही शक्ती लक्षणा.

व्यंजना याहून सूक्ष्म. येथे सरळ अर्थ जुळतो, परंतु त्याच्या आडून आणखी एक अर्थ सुचविला जातो. काश्मीरच्या मम्मटांनी ११ व्या शतकातील ‘काव्यप्रकाश’ ग्रंथात याचे नामी उदाहरण दिले आहे : ‘सूर्य मावळला.’ हे ऐकून कोणी समजतो, गाई घरात घ्याव्यात. कोणी समजतो, विक्रीचा माल आवरावा. चोविहार पाळणाऱ्या घरात आजीने हेच म्हटले, तर ‘आता ताट मागू नकोस’ असे नातवाला कळते. वाक्य एकच, बोलणारा, ऐकणारा वा प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ बदलतो. आचार्य हेमचंद्रांनीही १२ व्या शतकात ‘काव्यानुशासन’ ग्रंथात शब्दार्थांचा हा विचार केला आहे.

म्हणून उत्तर लिहिताना वाक्य सुटे वाचू नये; मागचापुढचा संदर्भ पाहावा. कवितेत केवळ अभिधेवर थांबू नये आणि करारपत्रात व्यंजना शोधू नये. संदर्भाचा आधार नसताना अर्थ लादणे हेही चुकीचे वाचनच होय. काकांच्या पत्रात ‘सवडीने या’ असे असेल, तर ते आग्रहाचे आमंत्रण की टाळाटाळ, हे उरलेल्या मजकुरावरून ठरते. एका ओळीचा घाईने वाईट अर्थ काढला, तर भावाभावांत वर्षानुवर्षे अबोला राहू शकतो. नीट वाचणे हे केवळ गुणांसाठी नसते.

स्वाध्याय : कापड पाहून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणते, ‘विचार करून सांगतो.’ येथे कोणती शब्दशक्ती आहे? संदर्भ बदलल्यास उत्तर बदलेल काय? घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करून कारणासह लिहा.