‘प्रेशस’मधली मुलगी सिहोऱ्यात असती, तर तिला शाळा मिळाली असती का?

वडिलांकडून लैंगिक अत्याचार, आईकडून मारहाण, १६ व्या वर्षी दुसरं गरोदरपण आणि शाळेतून काढून टाकणं. ‘प्रेशस’ (२००९) या अमेरिकन सिनेमातल्या मुलीची ही गोष्ट. सफायर यांच्या ‘पुश’ या कादंबरीवर आधारलेल्या या सिनेमाला दोन ऑस्कर मिळाले.

१९८७ च्या हार्लेममधली ही मुलगी एका पर्यायी शाळेत पोहोचते. तिथल्या बाई तिला रोज वही लिहायला लावतात आणि ती वाचून उत्तर देतात. आपल्यावर काय बेतलं, ते सांगायला तिला शब्द मिळतात.

हीच मुलगी भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात असती तर?

तक्रारीचं काय?

इथे कायदा भक्कम आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. शिक्षकही त्यात आले. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे घेता येतो आणि तेव्हा पोलीस गणवेशात नसतात. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. १०९८ वर फोन करूनही मदत मागता येते.

शिक्षणाचं काय?

इथे अडचण सुरू होते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांसाठी, आठवीपर्यंतच आहे. शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेऊन खास शिकवणी देण्याची तरतूदही तेवढ्याच वयासाठी. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, पण १६ व्या वर्षी जिला नीट वाचता येत नाही, तिला कोणत्या वर्गात बसवणार?

बालगृहात गेली, तर तिच्या शिक्षणाची जबाबदारी संस्थेवर येते. गावातच राहिली, तर १७ नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालय. दोन्हीतून परीक्षा देता येते. मात्र रोज वही वाचणाऱ्या बाई मिळतीलच असं नाही.

आपला संबंध कुठे?

पीडितेचं नाव, फोटो, पत्ता, कुटुंब किंवा शाळा उघड करणाऱ्या बातमीला पॉक्सोमध्ये मनाई आहे. छोट्या गावात शाळेचं नाव आणि इयत्ता एवढ्यावरूनही मुलगी ओळखू येते. मग तिला त्याच वर्गात परत जाणं अवघड होतं. म्हणून अशी पोस्ट आली, तर ती पुढे पाठवू नका.