राखणदार घाबरतो तेव्हा

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. दारात रांगोळी, उंबऱ्याशी पणत्या, आत पूजेची गडबड. लक्ष्मी यायची म्हणून घराचे दार सताड उघडे. अंगणात पहिली माळ लागते आणि एरवी प्रत्येक अनोळखी माणसावर भुंकणारा घरचा मोती पलंगाखाली शिरतो. दुसऱ्या माळेला तो बाहेर येतो आणि कुणाच्या लक्षात येण्याआधीच उघड्या दारातून पळत सुटतो. आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि मग कुणीतरी विचारते, ‘‘अरे, मोती कुठे आहे?’’

दर दिवाळीत कितीतरी घरांत असेच घडते. काही कुत्री दोन दिवसांनी सापडतात, काही वाहनाखाली येतात, काहींचा पत्ताच लागत नाही. थोडी आधी तयारी केली, तर ही वेळ बहुधा टाळता येते.

भीती खरीच असते
माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे. शिवाय आपल्या कानांना न जाणवणारी बारीक चाहूलही तो टिपतो. मुलांना पेटलेली वात दिसते, म्हणून ती आधीच कानांवर हात ठेवतात. कुत्र्याला मात्र आवाज कुठून आणि कधी येणार, याची काहीच कल्पना नसते. म्हणून ‘एवढा मोठा कुत्रा आणि घाबरतो काय!’ असे म्हणून त्याला हसू नये, की रागावू नये.

धापा टाकणे, लाळ गाळणे, थरथरणे, शेपूट पायांत घालणे, येरझाऱ्या घालणे, आवडता पदार्थही नाकारणे, घरात लघवी करणे ही घाबरल्याची लक्षणे आहेत. आजवर न घाबरणारा वयस्कर कुत्रा अचानक आवाजाला घाबरू लागला, तर त्याचे सांधे वगैरे दुखत नाहीत ना, हेही पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले, तर तो अधिक भित्रा होतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. तो जवळ आला तर खुशाल पाठीवरून हात फिरवावा, हळू आवाजात बोलावे. मात्र पलंगाखाली लपला असेल तर ओढून बाहेर काढू नये. ती त्याने स्वतः निवडलेली सुरक्षित जागा असते.

एक खोली त्याची
घरातली सर्वांत आतली, रस्त्यापासून दूरची खोली दिवाळीपुरती त्याला द्यावी. खिडक्या बंद करून जाड पडदे ओढावेत. त्याचे अंथरूण, पाण्याचे भांडे आणि घरातल्या माणसाचा वापरलेला एखादा कपडा तिथे ठेवावा. पंखा चालू ठेवावा, रेडिओ किंवा टीव्ही मध्यम आवाजात लावावा. दोन-चार दिवस आधीपासून तिथेच खाऊ दिला, तर ती जागा त्याला आपली वाटू लागते. साखळीने बांधून मात्र ठेवू नये. घाबरून ओढाताण करताना गळ्याला फास बसू शकतो. कानांत कापसाचे बोळे खोल कोंबू नयेत.

मोठ्या आवाजाच्या वेळी घरातले कुणीतरी एक जण त्याच्याजवळ बसावे. घरातल्यांनी पाळी लावून घेतली, तर कुणाचाच सण बुडत नाही.

फिरायला कधी न्यावे?
संध्याकाळचा फेरफटका आणि जेवण दिवेलागणीपूर्वीच उरकावे. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर भल्या पहाटेच फटाके सुरू होतात. त्या दिवशी पहाटेची फेरी टाळून आवाज ओसरल्यावर बाहेर न्यावे. एरवी मोकळा फिरणारा कुत्राही या दिवसांत पट्ट्याशिवाय नेऊ नये. पट्ट्यावर घरचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला हवाच.

फराळ आणि फटाके
चिवड्यातले आणि लाडवातले बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेटही विषारीच. पाहुण्यांना आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. न फुटलेल्या फटाक्यांच्या दारूत विषारी रसायने असतात, म्हणून अंगण सकाळीच झाडून घ्यावे. चटका बसलाच, तर त्या जागी दहा-वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. लगेच पशुवैद्यांकडे न्यावे.

औषधाबद्दल
माणसांच्या झोपेच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. काही औषधांनी अंग सुस्त पडते, पण भीती तशीच राहते आणि बिचाऱ्याला हलताही येत नाही. भीती कमी करणारी वेगळी औषधे असतात. ती पशुवैद्यच ठरवतात, म्हणून दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांना भेटावे.

फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून, सोबत खाऊ देत, कुत्र्याला हळूहळू सवय लावता येते. त्याला दोन-तीन महिने लागतात. दिवाळी तोंडावर आल्यावर हा प्रयोग करू नये.

हरवलाच तर
घाबरलेला कुत्रा धन्याच्या हाकेलाही येत नाही. त्याच्या मागे धावू नये. दिसला तर खाली बसून शांतपणे बोलवावे. त्याचे अंथरूण दाराबाहेर ठेवावे. पहारेकरी, शेजारी आणि जवळपासचे पशुवैद्य यांना लगेच कळवावे, फोटो द्यावा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना तर आतली खोलीही नसते. चार रात्री त्यांना जिन्याखाली बसू द्यावे, पाण्याचे एक भांडे ठेवावे. शेपटीला माळ बांधणे हा खेळ नव्हे, १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे, हे मुलांना सांगावे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिला आहे, त्याचीही आठवण द्यावी.

आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. नेपाळात तर याच दिवसांत कुत्र्याला टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात. घरच्या मोतीला एवढेही नको असते. लक्ष्मीसाठी दार जरूर उघडावे. त्याआधी आतल्या खोलीचे दार लावले आहे ना, तेवढे पाहावे.