हप्ता चुकला, नोकरी हुकली

बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना हल्ली गणित-इंग्रजीइतकीच धास्ती सिबिलची, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालाची असते. परीक्षा पास, मुलाखत पास, नेमणुकीचं पत्र हातात. आणि मग बँक म्हणते, तुमचा कर्जफेडीचा इतिहास बरा नाही. स्टेट बँकेने याच कारणावरून एका अधिकाऱ्याची नेमणूक रद्द केली आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती रद्द करणं योग्य ठरवलं. जाहिरात निघण्याआधीच आपण सगळी देणी फेडली होती, असं उमेदवाराचं म्हणणं. पण फेडताना तो चुकला होता, तेवढं पुरलं. लोकांचा पैसा हाताळायचा तर आर्थिक शिस्त हवीच, हा न्यायालयाचा रोख.

शिस्त हवी, मान्य. पण सिबिलचा अहवाल एकदा उघडून बघा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन, चौकोनात हप्ता किती दिवस थकला त्याचा आकडा. वेळेवर भरला तर तीन शून्यं. त्या महिन्यात वडील आयसीयूत होते की चिरंजीव गोव्याला मजा मारत होते, हे सांगायला तिथे जागाच नाही. शैक्षणिक कर्ज तर बहुधा नोकरी नसते म्हणूनच थकतं. आता त्या थकण्यापायी नोकरीही नाकारायची, तर बँकांना वसुली हवी आहे की नको?

अमेरिकेत हे भांडण आधीच होऊन गेलंय. अहवाल मागवायला तिथे उमेदवाराची लेखी संमती लागते, आणि त्यावरून नकार द्यायचा तर आधी प्रत त्याच्या हाती द्यावी लागते. तेवढ्याने भागेना म्हणून २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने, पुढे इलिनॉय, कॅलिफोर्नियाने आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहराने मोजकी पदं वगळून या तपासणीला चाप लावला. २०१० मध्ये ओरेगॉनच्या लोकप्रतिनिधींपुढे तर ट्रान्सयुनियन या अहवाल विकणाऱ्या कंपनीच्याच माणसाने कबुली दिली : थकलेली कर्जं आणि कामातली कुचराई किंवा अफरातफर यांचा संबंध दाखवणारं संशोधन आमच्याकडे नाही. मुंबईतली आपली सिबिल आज याच ट्रान्सयुनियनच्या ताब्यात आहे.

बँकेने आजची थकबाकी जरूर बघावी, फेडलेलं कर्ज उकरू नये, आणि नाही म्हणण्याआधी उमेदवाराचं ऐकून घ्यावं. बाकी, बँकेबाहेर गोदामात माल मोजणाऱ्याचं किंवा कॉल सेंटरमध्ये फोन उचलणाऱ्याचं सिबिल बघायचा मालकाला संबंध काय?