कोलकात्याच्या बंदरातील तेल आणि मराठवाड्यातील सोयाबीन

परदेशातून आलेले कच्चे सोयाबीन तेल कोलकाता-हल्दिया बंदरात उतरते, नेपाळच्या तराईत शुद्ध होते आणि सीमा ओलांडून पुन्हा भारतात येते. नेपाळमध्ये सोयाबीनची लागवड अत्यल्प. तरीही त्या देशाच्या निर्यातीत हे तेल अग्रभागी आहे. किमया शेतीची नव्हे, सीमाशुल्काची! १४ सप्टेंबर २०२४ पासून भारताने शुद्ध तेलावरील प्रभावी शुल्क १३.७५ वरून ३५.७५ टक्के केले. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारान्वये नेपाळी तेल मात्र शुल्कमुक्तच राहिले.

नेपाळला दोष देणे सोपे आहे. परंतु निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाचे स्वतःचे धोरणही स्थिर नाही. खरीप २०२४ च्या सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव असताना महाराष्ट्रातील अनेक बाजार समित्यांत दर त्याखाली राहिले. पुढे ३० मे २०२५ रोजी, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले.

याचा परिणाम पीक संरक्षणापर्यंत पोहोचतो. चक्रीभुंगा वा खोडमाशीसाठी ठरणारी आर्थिक नुकसानीची पातळी पिकाच्या बाजारभावावरही अवलंबून असते. भाव कोसळला की तेवढ्याच प्रादुर्भावासाठी केलेली फवारणी परवडत नाही. शिफारशीतील आकडा मात्र तोच राहतो. म्हणून खाद्यतेलाचे शुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि माल बाजारात येऊन विकला जाईपर्यंत बदलू नये. नेपाळी तेलाच्या बाबतीत, केवळ शुद्धीकरणाला उत्पादन मानावे काय, याची फेरतपासणी दोन्ही देशांनी करावी.