हायस्कुलातील खेळ : बारा पोरांसाठी की साऱ्या जन्मासाठी?

रोडपाली, ता. पनवेल.

हायस्कुलात आपली मुले काय शिकतात याचा हिशेब आपण वर्षातून एकदाच घेतो, निकालाच्या दिवशी. गणितात किती, इंग्रजीत किती, एवढे विचारून आपण निकालपत्र घडी घालून पेटीत ठेवतो. त्याच निकालपत्रात 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे श्रेणीचे एक अक्षर असते. त्या अक्षराचा अर्थ काय, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आम्ही आज उघड विचारतो. दहा वर्षे शाळेत काढून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींस असा कोणता खेळ येतो, जो त्यांना चाळिसाव्या वर्षी खेळता येईल, साठाव्या वर्षी खेळता येईल? बहुतेकांस एकही येत नाही, असे आमचे उत्तर आहे. आणि हे उत्तर खोटे ठरविणारा कोणी भेटला तर आम्हांस आनंदच होईल.

खेळाच्या नावाने शाळांत काय चालते ते पाहा. शाळा उघडून महिना-दोन महिने झाले की स्पर्धांचे पत्रक येते. कबड्डीच्या संघात बारा, खो-खोच्या संघात बारा. सहाशे मुलांची शाळा धरली आणि दोन्ही खेळांत मुलांचा एक व मुलींचा एक संघ धरला, तर अठ्ठेचाळीस मुले झाली. उरलेल्या साडेपाचशेंनी काय करावयाचे? त्यांनी चुन्याच्या रेघेबाहेर बसून टाळ्या वाजवावयाच्या. पी.टी.चा तास वेळापत्रकात असतो, पण परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या पोटात जातो. क्रीडासाहित्य कपाटात आणि कपाटाची किल्ली कचेरीत. ज्या मुलाला खेळ येतो त्यालाच खेळ शिकवावयाचा, ही कसली रीत? ज्याला वाचता येते त्यालाच वाचन शिकवू, बाकीच्यांनी ऐकत बसावे, असे कोणी मास्तर म्हणेल तर त्याला आपण शाळेत ठेवू काय?

कबड्डीशी आमचे वैर आहे असे कोणी समजू नये. कबड्डी हा आपल्या रायगड जिल्ह्याचा जीव आहे. याच आपल्या मातीतल्या खेळाचे प्रदर्शन अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी करून दाखविले, आणि १९९० पासून तो आशियाई स्पर्धांत खेळला जातो. त्याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु कबड्डी हा विशीचा खेळ आहे. पकडीत गुडघा एकदा गेला की गेला. तिशी उलटली की गडी दोरीबाहेर येतो, पस्तिशीत पंच होतो आणि चाळिशीत मंडपातल्या खुर्चीवर बसून पोट सांभाळीत टाळ्या वाजवितो. मुलींचे तर त्याहून लवकर आटोपते. दहावी झाली की मैदान बंद, लग्न झाले की आठवणही बंद.

आजवर हे खपून गेले, कारण आपल्या अंगाला व्यायाम शेत देत होते. चिखलणी, आवणी, कापणी, भारे वाहणे, झोडणी. खारीचे बांध घालणे. मिठागरात मीठ ओढणे. खाडीत जाळे टाकणे. ज्याने पाऊस संपेपर्यंत कंबर वाकविली त्याला कोणी 'धावायला जा' म्हणून सांगावे लागत नव्हते. पण ते शेत आता कोठे आहे? १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ त दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली लढा झाला, पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड पदरात पडले. आमची रोडपाली २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या आहेत. शेतकऱ्याचा पोर डंपरच्या स्टिअरिंगमागे बसतो, दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कचेरीत बसतो, आणि घरी येऊन मोबाईल घेऊन बसतो. जमिनीचा मोबदला आपण मागितला आणि रक्त देऊन मिळविला. पण जमिनीबरोबर आपल्या अंगातला श्रम गेला, त्याचा मोबदला कोणी मागितला नाही. आम्ही तो मागतो. तो पैशात नको, शिक्षणात हवा.

हे केवळ आमच्या गावाचे गाऱ्हाणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे आणि मोठ्या माणसांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे अंगमेहनत करावी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत असे दिसले की २०२२ साली हिंदुस्थानातील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे एवढीही हालचाल करीत नव्हती. पुरुषांत शेकडा ४२, तर बायकांत शेकडा ५७. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे रोगी दहा कोटींच्या घरात भरले. पूर्वी मधुमेहाला शेठलोकांचा रोग म्हणत. तो आता आपल्या आळीत राहावयास आला आहे, आणि त्याच्या औषधापाण्याला साडेबारा टक्क्यांचा भूखंडही पुरत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. खारघरच्या डोंगराशी सिडकोने गोल्फचे मैदान केले आहे. गोल्फ हा सत्तरीतही खेळता येणारा खेळ. टेनिस, पोहणे, बॅडमिंटन यांचेही तसेच. जन्मभर पुरणारा खेळ कोणता, हे पैसेवाल्यांस पक्के ठाऊक आहे. ते आपल्या मुलांस क्लबात घालून फी भरतात आणि तोच खेळ शिकवितात. आपल्या मुलांच्या वाट्यास मात्र तिशीत संपणारा खेळ, आणि तोही बारा जणांपुरता! पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले क्रिकेटपटू. त्यांनी पुण्याच्या जिमखान्यात मैदान राखण्याची चाकरी करता करता गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकली, १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे, आणि हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस ते १९२३ साली मिळाले. त्या काळी मैदानाच्या दारावर जात विचारीत. आज पावती विचारतात. दार तेच आहे.

मग मुलांस शिकवावे काय? आमच्या मते तीन गोष्टी पुरेत, आणि त्यांस फार पैसाही नको.

पहिली, जाळीचा खेळ. व्हॉलीबॉल घ्या. अमेरिकेतील होल्योक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने १८९५ साली तो काढला, तोच मुळी वयस्क माणसांसाठी, ज्यांना धक्काबुक्कीचे खेळ झेपत नव्हते त्यांच्यासाठी. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू. बॅडमिंटन तर आपल्याच दाराशी वाढलेले. १८७० नंतरच्या वर्षांत पुण्याच्या छावणीत इंग्रज अंमलदार ते खेळत आणि त्याला 'पूना' असेच नाव पडले होते. आजोबा आणि नातू एका जाळीच्या दोन बाजूंस उभे राहू शकतात, अशी ही जात आहे.

दुसरी, पोहणे. आपण खाडीकाठची माणसे. आपल्या वाडवडिलांस पोहणे शिकवावे लागले नाही. आज मुलांस पोहता येत नाही आणि खाडीत उतरविण्याचीही सोय उरली नाही. तळोज्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने कासाडी नदीची जी दशा केली, तिचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. तेव्हा शिकविणारा माणूस हजर असलेला स्वच्छ तलाव हवा, आणि तो देणे हे महापालिकेचे व सिडकोचे काम आहे. पोहणे अंगी आले की ते मरेपर्यंत जात नाही, आणि वेळ आली तर जीवही वाचविते.

तिसरी, चालणे व चढणे. कर्नाळा आपल्याच तालुक्यात, प्रबळगड आपल्याच तालुक्यात. सहामाहीतून एकदा साऱ्या वर्गाला गड चढवावा. सत्तरीचा वारकरी आळंदीहून पंढरपूर पायी गाठतो, तो काही खेळाडू नव्हे. त्याला चालण्याची गोडी आहे, एवढेच.

आणि मुलींविषयी आणखी एक शब्द. जन्मभर पुरणारा खेळ म्हणजे काय, हे आपल्या बायकांनी केव्हाच करून दाखविले आहे. गौरी-गणपतीत आजी, सून आणि नात एकाच अंगणात फुगडी घालतात की नाही? तेथे संघ नाही, निवड नाही, चषक नाही, आणि कोणी वयाचा दाखला मागत नाही. वर्षातून दोन रात्री जे होते ते आठवड्यातून तीन दिवस व्हावे, एवढीच आमची मागणी. २०१६ सालच्या आकड्यांवरून जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या मुलींत शेकडा ८५ मुली पुरेशी हालचाल करीत नव्हत्या असे निघाले. पोर मोठी झाली म्हणून तिला मैदानावरून उठविणाऱ्यांनी तिच्या गुडघेदुखीचा व रक्तदाबाचा खर्च कोण करणार, तेही त्याच दिवशी सांगावे.

कोणी म्हणतील, दहावीचे वर्ष आहे, खेळात वेळ कसा घालवावा? त्यांस आम्ही विचारतो, तासभर खेळणाऱ्याचा अभ्यास बुडतो, आणि तीन तास मोबाईल पाहणाऱ्याचा बुडत नाही काय? कोणी म्हणतील, खेळाच्या सवलतीचे गुण संघात गेल्याशिवाय मिळत नाहीत. खरे आहे. म्हणून गुणांसाठी खेळणारे बारा जण गुण पडले की खेळ सोडतात. कोणी म्हणतील, सर्वांना खेळविले तर पदके कोण आणणार? गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. ते ज्या भागात वाढले तेथे कुस्ती हा बारा पोरांचा खेळ नव्हता; गावोगाव तालीम होती आणि तिची माती कोणाच्याही अंगाला लागू शकत होती. दूध पुष्कळ असेल तेव्हाच त्यावर साय धरते.

आमची मागणी अशी. शाळांनी पी.टी.चा तास दुसऱ्या विषयास देऊ नये. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलास व मुलीस निदान दोन असे खेळ यावेत, जे पन्नाशीत खेळता येतील; आणि श्रेणीचे ते अक्षर हजेरी पाहून न देता येणारा खेळ पाहून द्यावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान सांगितले आहे. ते मैदान शाळा सुटल्यावर कुलपात न ठेवता गावातल्या आईबापांसही खुले करावे. महापालिकेने व सिडकोने गोल्फला जशी जागा काढली तशी प्रत्येक गावठाणाशेजारी जाळी बांधण्याइतकी जागा काढावी. ती फार नको. एका व्हॉलीबॉलला अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद पट्टा आणि भोवती थोडी मोकळी जागा पुरते.

पण हे कागदावर लिहून होणारे नव्हे. आपण विचारू लागलो तरच होईल. पुढील पालकसभेस जाल तेव्हा मुलगा कितवा आला हे अवश्य विचारा. मग मुख्याध्यापकांस आणखी एक प्रश्न घाला: "माझ्या पोरीला तुम्ही असा कोणता खेळ शिकविलात, जो ती माझ्या वयाची होईल तेव्हा खेळेल?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.