संशोधन विद्यापीठात, पाणी पाचशे फुटांवर

पोस्ट मोठी आहे, पण वाचा. विषय आपल्या विहिरीचा आहे.

दरवर्षी विद्यापीठांची क्रमवारी आली की अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. अमुक विद्यापीठ इतके क्रमांक वर, तमुक प्राध्यापक जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. आनंदच आहे. पण तालुक्याच्या बातम्या करणारा माणूस म्हणून विचारतो, या क्रमवारीत गावाला किती मार्क?

केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिचे मुख्य निकष पाच. त्यात एक ‘आउटरीच’. नाव ऐकून वाटेल, संशोधन गावात किती पोचलं ते मोजत असतील. नाही! तिथे परराज्यातले विद्यार्थी, मुली, गरीब घरातली मुलं किती, ते बघतात. तेही बघायलाच हवं. पण त्या संशोधनाने किती विहिरींचं पाणी टिकलं, याला रकानाच नाही.

संशोधन होतच नाही, असं मात्र म्हणू नका. कोरडवाहू शेतीवर सोलापुरात १९३३ पासून काम झालंय. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्याकडे आहेत. शेतातून वाहून जाणारं पाणी दगड, खडी, वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडायचं, ही पुनर्भरणाची पद्धत परभणीने शिफारस केलेली आहे. रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे बीबीएफवर सोयाबीन पेरलं तर पावसाच्या खंडात ओल टिकते आणि जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जातं. ही पद्धत इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी विकसित केली, आपल्या विद्यापीठांनी ती पुढे नेली.

आणि गावात काय चाललंय? आपल्या पायाखाली काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खोल गेलं म्हणून पाणी वाढतंच असं नाही. म्हणूनच राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. तरी बोअरची गाडी फोन केला की रात्रीत हजर! पाचशे फूट, कोरडी, दुसऱ्या दिवशी दुसरी जागा. पैसे सावकाराचे.

पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवतो. त्याला हसू नका. तो निदान बांधावर येतो.

परभणीचं विद्यापीठ १९७२ साली, दुष्काळातच उभं राहिलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. याचा सगळा दोष विद्यापीठावर टाकणं अन्यायाचं होईल. ऊस, धरणं, राजकारण, सगळ्यांचा वाटा आहे. पण ४४ वर्षांचं ज्ञान कपाटात आणि टँकर रस्त्यावर, हे चित्र कुणाला तरी टोचायला पाहिजे की नाही?

काही जण म्हणतील, शेतकऱ्याला सांगणं हे कृषी खात्याचं काम. माफ करा. शिक्षण, संशोधन आणि विस्तार, ही तिन्ही कामं कृषी विद्यापीठाचीच आहेत. कृषी दैनंदिनी निघते, मेळावे होतात, मान्य. पण माझ्या गावच्या मातीचे नमुने नेऊन लिहिलेला प्रबंध इंग्रजीत असतो, आणि गावाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून तीन साध्या मागण्या.

एक, ज्या गावातून माती-पाण्याचे नमुने नेले, त्या ग्रामपंचायतीला चार पानी मराठी सारांश द्या.

दोन, १ मेच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवा. पेरणीआधी, बोअर मारण्याआधी.

तीन, प्राध्यापकाच्या बढतीत या कामाला शोधनिबंधाइतकेच गुण द्या.

यासाठी नवी योजना नको, नवी इमारतही नको. इच्छा पाहिजे.

तुमच्या गावात विद्यापीठाने नमुने नेले असतील तर कॉमेंटमध्ये गावाचं नाव आणि वर्ष लिहा. यादी करू आणि कुलगुरूंकडे रीतसर अहवाल मागू. नमुने आपले आहेत, निष्कर्षावरही हक्क आपला आहे.