आधी श्वास मोजावा, मग औषध द्यावे

हिक्का व श्वास या विकारांची गणना चरकाचार्यांनी शीघ्र प्राणघातक व्याधींत केली आहे. गेल्या शतकातील मृत्युनोंदी त्याचीच साक्ष देतात. अमेरिकेत सन १९०० मध्ये इन्फ्लूएंझा व न्यूमोनिया हे मृत्यूचे पहिले कारण होते. दर लाख लोकसंख्येमागे सुमारे २०० मृत्यू. २०१९ मध्ये हे प्रमाण १५ च्या आसपास होते. आपल्याकडे ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साथीतील बहुसंख्य बळी फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या न्यूमोनियाचे होते, असे आता मानले जाते.

अमेरिकेतील मृत्युदर सल्फा औषधे व पेनिसिलीन येण्यापूर्वीच जवळजवळ निम्म्यावर आला होता. यावरून आपले काही व्यवसायबंधू असा निष्कर्ष काढतात की, आहार, निवारा व व्याधिक्षमत्व सुधारले की पुरे. हा निष्कर्ष आम्हांस अर्धाच ग्राह्य वाटतो. उरलेले अर्धे उत्तर गडचिरोलीत मिळते. तेथे डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गावपातळीवरील कार्यकर्ते व सुइणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास व प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के होते. गावे तशीच, दारिद्र्यही तेच. फरक वेळीच केलेल्या निदानाचा व उपचाराचा.

सर्दी-खोकल्याचे मूल प्रथम आपल्याच चिकित्सालयात अथवा औषधालयात येते. म्हणून आमचे आग्रहपूर्वक सांगणे असे की, काढा वा चाटण देण्यापूर्वी मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील अर्भकात ६०, वर्षाच्या आत ५० व पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास, अथवा छाती आत ओढली जाणे, ही धोक्याची लक्षणे होत. असे मूल त्वरित रुग्णालयात पाठवावे. औषधालयचालकांनीही अशा बालकास केवळ खोकल्याची बाटली देऊन परत पाठवू नये. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर शासकीय लसीकरणात आहे. ती घेतली की नाही, हेही विचारावे.

बल वाढविणे हे आपले शास्त्र आहेच; परंतु साध्यासाध्यता ओळखून रुग्ण वेळेवर पुढे पाठविणे हेही त्याच शास्त्राचे अंग आहे. त्यात वैद्याचा कमीपणा नाही. घड्याळाकडे न पाहता दिलेल्या औषधात मात्र तो निश्चित आहे.